थायलंडमध्ये बिऱ्हाड थाटताना: फोडणी, लाइट बिल आणि टीएम ३०

बँकॉकला बदली झाली की सगळे आधी शाळा कुठली, बीटीएसचं, म्हणजे उन्नत मेट्रोचं, स्टेशन किती लांब हे विचारतात आणि मग घर बघायला गेले की स्विमिंग पूल आणि तिसाव्या मजल्यावरचा व्ह्यू बघून सही करून मोकळे होतात. आम्हीही तेच केलं. पहिल्या रविवारी वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि दोन मिनिटांत अख्खं घर खोकायला लागलं, वर छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला तो वेगळाच. स्वयंपाकघर म्हणजे हॉलच्याच एका भिंतीला लावलेला ओटा, खिडकी नाही, आणि वर जी चिमणी दिसत होती ती धूर बाहेर नेतच नव्हती, गाळून परत घरात सोडत होती. सोफ्याला आठवडाभर हिंगाचा वास.

म्हणून माझं पहिलं सांगणं, घर बघायला गेलात की आधी ओट्यापाशी जाऊन उभे राहा. ओट्याला दार लावून बंद करता येतं का, बाल्कनीला लागून आहे का, चिमणीचा पाइप खरंच बाहेर जातो का ते बघा. इथे पाइप गॅस नसतो, आणि बहुतेक कॉंडोत सिलिंडर आणूच देत नाहीत, त्यामुळे इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक शेगडी. तवा, कुकर, कढई सगळं इंडक्शनवर चालणारं आणा. तळाला लोहचुंबक चिकटला की समजायचं चालेल. फुलके आचेवर फुगवायचे विसरा, पोळ्याच करा. चार भिंतींचं स्वतंत्र घर भाड्याने घेतलंत तर मात्र गॅस सिलिंडर मिळतो, आणि बरेचदा मागच्या अंगणात वेगळं स्वयंपाकघर असतं. थाई लोकांनाही त्यांच्या मिरच्या घरात परतायच्या नसतात!

दुसरी गोष्ट लाइटचं मीटर. कॉंडो आणि अपार्टमेंट हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो पण इथे फरक आहे. कॉंडोत प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा, बिल थेट वीज कंपनीचं येतं, युनिटला साधारण ४ ते ५ बाट पडतात. अपार्टमेंट म्हणजे अख्खी बिल्डिंग एकाच मालकाची, आणि तिथे मालक आपला रेट लावतो, ७-८ बाटसुद्धा. एसी दिवसरात्र चालणार असेल तर कमी भाड्याचं अपार्टमेंट शेवटी महागच पडतं, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं हेच झालं आणि वर्षाचं ॲग्रीमेंट असल्याने सोडताही येईना. बँकॉक, नॉनथाबुरी आणि समुत प्राकान इथे एमईए वीज देते, बाकी देशात पीईए. बिलावर बारकोड असतो, तो घेऊन कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये गेलात की भरून होतं, किंवा बँकेच्या ॲपने. बिल थकवू नका, इथे लाइट तोडायला फार वेळ लावत नाहीत.

डिपॉझिट बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांचं आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ, म्हणजे चावी हातात यायच्या आधी तीन महिन्यांचे पैसे तयार ठेवा. राहायला जायच्या दिवशीच प्रत्येक ओरखडा, गादीवरचा डाग, एसीचा रिमोट, सगळ्याचे फोटो काढून मालकाला किंवा एजंटला लाइनवर पाठवून द्या. लाइन म्हणजे लाइन ॲप, व्हॉट्सॲप इथे फक्त आपल्यात. मालक, प्लंबर, पाणीवाला, बिल्डिंगचं ऑफिस सगळे लाइनवर. त्या ऑफिसला थाईत ‘निती’ म्हणतात, पूर्ण शब्द नितिबुक्खोन, त्यातली निती आपल्या नीतीचीच सख्खी बहीण. पार्सल कुठे गेलं, लिफ्ट का बंद, शेजारचा ड्रिलिंग का करतोय, सगळं नितीला विचारायचं.

आता कागद. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची, त्याला टीएम ३० म्हणतात. मालक ‘हो हो करतो’ म्हणतो आणि विसरतो, आणि व्हिसा वाढवायला गेलात की खिडकीवरची बाई पहिली ती पावतीच मागते. म्हणून सही करायच्या आधीच विचारा, टीएम ३० तुम्ही भरणार का, आणि झालं की पावतीची कॉपी मागून पासपोर्टमध्ये ठेवा. जो मालक या प्रश्नाला टाळाटाळ करतो त्याचं घर मी तरी घेणार नाही, पूल कितीही छान असू दे. त्याशिवाय सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा, हा टीएम ४७, आणि ही जबाबदारी तुमची. पहिल्यांदा स्वतः जाऊन, नंतर ऑनलाइन जमतं. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून. उशीर झाला तर २,००० बाट दंड, त्यामुळे फोनमध्ये रिमाइंडर लावाच.

पाणी नळाचं कोणी पीत नाही. २० लिटरचे जार घरपोच येतात, नाहीतर गल्लीत, म्हणजे सोईत, नाणी टाकून पाणी भरायचं मशीन असतं. व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे मिक्सर इथे चालतो, फक्त आपला जाड गोल तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये शिरत नाही. येताना चारपाच ॲडॉप्टर घेऊन या, मिक्सरसाठी दणकट बघून.

वाणसामानाला बँकॉकमध्ये पाहुरत, गुरुद्वाऱ्याच्या आसपासचा भाग. तूरडाळ, पोहे, बेसन, गव्हाचं पीठ सगळं मिळतं. सुपरमार्केटमधलं गव्हाचं पीठ म्हणून जे मिळतं तो मैदाच असतो, पोळ्यांना नाही चालत. ओला नारळ बाजारात समोर मशीनवर खवून देतात, कोकणातल्या माणसाला दुसरं काय हवं. शेवग्याच्या शेंगा मिळतात, ‘मारुम’ म्हणायचं. तोंडलीची मात्र गंमत आहे, इथे लोक वेलाचा पाला खातात, ‘तामलुंग’, आणि तोंडली कोणी विचारत नाही.

तांदळाच्या पिठाच्या पिशव्या नीट बघा हं. तीन सोंडांच्या हत्तीच्या ब्रँडमध्ये लाल पिशवी म्हणजे साधं तांदळाचं पीठ आणि हिरवी म्हणजे चिकट तांदळाचं. मी पहिल्या गणपतीला हिरवी आणली. उकड काढली तर ती पातेल्यातून सुटेना, हाताला तेल लावलं, पाणी लावलं, पारी वळली की खाली बसायची, वाफवल्यावर एकवीस मोदकांचा एक मोठा मोदक झाला. बाप्पाला तोच दाखवला.

शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. एक ‘मांगसविरत’, नीट ऐका, मांस-विरती आहे ते. पण नुसतं तेवढं सांगून फिश सॉस टळतोच असं नाही, त्यामुळे ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, हेही जोडा. दुसरा ‘जे’, असं जेवण मिळणाऱ्या दुकानावर पिवळ्या कापडावर लाल अक्षरं असतात आणि ती आपल्याला इंग्रजी १७ सारखी दिसतात. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. सासूबाई चातुर्मासात आल्या होत्या तेव्हा आम्ही सगळीकडे हे १७च शोधत फिरलो.

मे ते ऑक्टोबर पाऊस आणि दमट हवा. रवा, पोहे फ्रिजमध्ये, चामड्याच्या चपला-बॅगा बाहेर, कपाटाचं दार अधूनमधून उघडं, नाहीतर बुरशी आलीच. एसी दर सहा महिन्यांनी धुऊन घ्यायचा, त्याला ‘लांग ऍ’ म्हणतात, ॲग्रीमेंटमध्ये हा खर्च कोणाचा ते आधी वाचा. थंडीत बँकॉकची हवा धुरकट होते, चियांग मायची तर फेब्रुवारी ते एप्रिल फारच, घरात लहान मूल असेल तर एअर प्युरिफायर आधीच घ्या.

दुधाच्या बाटलीवर एक्सपायरी ६८ किंवा ६९ बघून दचकू नका, इथे बुद्धाचं वर्ष चालतं, आपल्या सालात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२५ हे २५६८. वेळेचंही तसंच. प्लंबर ‘सोंग’ म्हणाला म्हणजे दोन, पण ‘बाय सोंग’ दुपारचे दोन आणि ‘सोंग थुम’ रात्रीचे आठ. आकडा लिहूनच घ्या, आम्ही एकदा अख्खी दुपार टपकणाऱ्या नळाखाली बादल्या बदलत बसलो आणि तो बरोब्बर आठला हजर, त्याच्या मते वेळेवर.

आणि दिवाळीला घरी जायचं असेल तर तिकिटाआधी री-एंट्री परमिट. मुदत वाढवून घेतलेल्या व्हिसावर राहत असाल आणि हा शिक्का न घेता बाहेर पडलात तर व्हिसा तिथेच संपतो. एका वेळचा १,००० बाट, अनेक वेळांचा ३,८००. परत येताना डिजिटल अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरायचं असतं, १ मे २०२५ पासून, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. आम्ही विमानतळावर सामान चेक-इनच्या रांगेत उभे राहून भरतो, आई मागून विचारत असते चिवड्याचा डबा वर घेतलास की खाली.