सामूहिक वनाचा आराखडा: बंदीआधी चुलीचा हिशोब

गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून रान वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क, मिळाला की पहिल्याच ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी ठरते, आणि ती मोडायलाही फार दिवस लागत नाहीत. चुलीला लाकूड कुठून आणायचं हे त्या ठरावात लिहिलेलंच नसतं. म्हणून आधी घरागणिक आठवड्याला किती मोळ्या लागतात ते टिपा. मग वाळलेल्या, पडलेल्या लाकडासाठी ठरावीक वार द्या. पोकळ खोड मात्र उभंच राहू द्या; पोपट आणि घुबडं तिथेच राहतात.

सभेला किमान निम्मी माणसं हवीत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. मोहाच्या हंगामात सकाळी सभा लावली तर ही संख्या भरणार नाही, कारण बाया पहाटेपासून झाडाखाली फुलं वेचत असतात. संध्याकाळ धरा, आणि बोलणं पावरी, भिली, अहिराणी, जे गावात चालतं त्यात होऊ द्या.

मग शिवारफेरी. रानाच्या प्रत्येक भागात १० बाय १० मीटरचे चार-पाच चौकोन आखा आणि रोपं मोजा. मोठी झाडं भरपूर पण कमरेएवढं रोप नाही, तर तिथे चराई आणि आग दोन्ही नडतायत. असा एक तृतीयांश भाग, रोपांचे शेंडे शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, तीन-चार वर्षं बंद ठेवा. तिथलं गवत विळ्याने कापून न्यायला हरकत नाही. ठेलारी मेंढपाळ दरवर्षी येत असतील तर त्यांच्याशी आधीच बसून वाट आणि मुक्काम ठरवा. नुसत्या बंदीने रात्री कळप घुसतात.

खरी गफलत मोहाखाली होते. फुलं दिसावीत म्हणून पाला पेटवतात; त्यात मोहाचीच रोपं जळतात आणि वारा सुटला तर डोंगर पेटतो. पाला झाडून कडेला ओढा, किंवा चार काठ्यांवर जुनं लुगडं नाहीतर शेडनेट बांधा. फुलांना माती लागत नाही, व्यापाऱ्याला भाव पाडायला कारण उरत नाही. पातळ पसरून तीन-चार दिवस उन्हात वाळवा. मुठीत दाबून गोळा झाला तर अजून ओल आहे, असा माल पोत्यात बुरसतो. पाच किलो ओल्या फुलांचा साधारण किलोभर सुका माल होतो.

हंगामात भाव पडलेला असतो, पण हातात पैसा नसलेलं घर थांबू शकत नाही. ग्रामसभेने अर्धी रक्कम उचल द्यावी, माल एकत्र साठवावा आणि विक्रीच्या शंभरातले दहा वनाच्या खात्यात टाकावेत. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला साफ केलेला पट्टा, काढणाऱ्यांची मजुरी त्यातूनच निघते. ते काम फेब्रुवारीच्या मध्याआधी उरका, पुढे पाला कडक होतो. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर मोह-चारोळीसारख्या गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. परवान्यांच्या पुस्तकात नोंद चोख ठेवा.

चारोळीला मुख्य नियम एकच: तोडणीची तारीख ग्रामसभेने ठरवायची. शेजारच्याने आधी तोडली की सगळे हिरवीच तोडतात, फांदीसकट. फळ जांभळं-काळं होईपर्यंत थांबा आणि दर पाच झाडांमागे एक बियाण्यासाठी सोडा. त्या झाडावर आधीच चुन्याचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे पहाटेच्या अंधारातही ते ओळखू येतं.