चक्कर, तोल आणि अंतर्कर्ण : समजुतीच्या या चुका टाळा

‘चक्कर येते’ हे दोन शब्द मराठीत इतक्या निरनिराळ्या अनुभवांसाठी वापरले जातात की, केवळ तेवढे ऐकून कोणत्याही डॉक्टरला काही ठरवता येत नाही. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, उपाशीपोटी डोके हलके वाटणे, गर्दीत जीव घाबरा होणे, चालताना पाय डळमळणे आणि आपण स्वस्थ असतानाही भिंती व छत गरगर फिरताना दिसणे, हे सारे आपण एकाच शब्दात कोंबतो. यांपैकी शेवटचा अनुभव, म्हणजे नसलेल्या गतीचा भास, हा प्रामुख्याने अंतर्कर्णातील तोलयंत्रणेच्या किंवा तिच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागांच्या बिघाडाचा असतो. भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणे, झोक जाणे असे नेमके शब्द भाषेत असताना ते वापरले जात नाहीत, ही मला पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.

वर्णनापेक्षाही दोन गोष्टी अधिक उपयोगी ठरतात : भास किती वेळ टिकतो आणि तो कशाने सुरू होतो. कूस बदलताच सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबणारी गरगर वेगळी असते. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी, सोबत कानात आवाज, दडे आणि ऐकू येण्यातील चढउतार घेऊन येणारी गरगर वेगळी. एकाएकी सुरू होऊन दिवस-दोन दिवस अंथरूण सोडू न देणारी गरगर आणखी वेगळी. हे तीन प्रकार सहसा तीन निरनिराळ्या बिघाडांकडे बोट दाखवतात आणि त्यांचे उपचारही निरनिराळे आहेत.

अंतर्कर्णाला पाणसळ समजणे

गवंड्याची पाणसळ जशी भिंत समतल आहे की नाही हे केव्हाही सांगते, तसे अंतर्कर्ण डोक्याची स्थिती आणि गती सतत जशीच्या तशी कळवत असतो, अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात डोक्याच्या फिरण्याची दखल घेणारा त्याचा भाग स्थितीविषयी काहीच सांगत नाही. तो बदल सांगतो. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून बसवलेल्या आहेत. त्यांच्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम ३ मिलिमीटर आहे आणि त्या द्रवाने भरलेल्या आहेत. डोके फिरू लागले की नलिका डोक्याबरोबर फिरते, पण आतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि नलिकेच्या फुगीर टोकाशी आडव्या बसलेल्या लवचीक पडद्यावर दाब देतो. क्युप्युला नावाच्या या पडद्यात केशपेशींचे सूक्ष्म केस रुतलेले असतात. ते एका दिशेला वाकले की मज्जातंतूतील आवेग वाढतात, उलट दिशेला वाकले की कमी होतात.

मात्र फिरण्याचा वेग एकसारखा राहिला, तर भिंतींच्या घर्षणामुळे द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, पडदा स्वतःच्या लवचीकपणामुळे काही सेकंदांत मूळ जागी येतो आणि संदेश थांबतो. मेंदू हा विरत जाणारा संदेश थोडा लांबवतो, तरी सुमारे १५ ते २० सेकंदांनंतर फिरण्याची जाणीव बरीचशी ओसरते. मान वळवण्यासारख्या क्षणार्धात संपणाऱ्या हालचालींत ही उणीव कधीच जाणवत नाही, कारण पडदा परत यायच्या आत हालचाल संपलेली असते.

हे तत्त्व दाखवण्यासाठी फिरत्या खुर्चीचा प्रयोग अनेक जण करून पाहतात आणि तो ‘फसला’ म्हणून सोडून देतात. फसण्याची कारणे ठरावीक आहेत. डोळे नीट झाकलेले नसतात, त्यामुळे उजेडाची तिरीप आत शिरते आणि दृष्टीच उत्तर देऊन टाकते. खोलीत एका बाजूने आवाज येत असतो आणि बसलेली व्यक्ती त्यावरून आपली दिशा ओळखते. खुर्ची हाताने धक्के देत फिरवली जाते, म्हणजे दर धक्क्याला वेग बदलतो आणि नलिकांना नवा संदेश मिळत राहतो. खुर्ची संथ, एकसारख्या वेगाने किमान अर्धा मिनिट फिरवावी आणि बसलेल्या व्यक्तीने फिरण्याची दिशा अंगठ्याने दाखवत राहावे. खुर्ची फिरत असतानाच ती व्यक्ती ‘थांबलो’ असे सांगू लागते. काही शिक्षक या क्षणी प्रयोग बिघडला असे समजून खुर्ची पुन्हा ढकलतात, वास्तविक तोच अपेक्षित निकाल आहे. खुर्ची थांबवल्यावर द्रव पुढे वाहत राहतो, पडदा उलट दिशेला वाकतो आणि व्यक्ती उलट दिशेने फिरत असल्याचे शपथेवर सांगते. तिला लगेच उभे राहू देऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

ओळंब्यावर आंधळा विश्वास

मग गुरुत्वाकर्षणाची दिशा कोण सांगतो? ते काम युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्यांचे. त्यांतील केशपेशींवर जेलीसारखा थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. हे स्फटिक भोवतालच्या द्रवापेक्षा जड असल्यामुळे डोके कलले की थर घसरतो आणि केस वाकतात. ‘नलिका हालचालीसाठी, पिशव्या स्थितीसाठी’ अशी सोपी वाटणी पाठ्यपुस्तकांत आढळते, पण ती अपुरी आहे. सरळ रेषेतील वेगवाढही याच थराला मागे ढकलते, आणि पुढे वेग घेणे व डोके मागे कलणे या दोन घटनांत थराच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. हा कानाचा दोष नाही. केवळ ओळंबा पाहून वेगवाढ आणि कल यांत फरक करणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. मेंदू नलिकांचा आणि डोळ्यांचा पुरावा जोडून हा निवाडा करतो. पुरावा तुटपुंजा पडला की तो चुकतो : काळोख्या रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला विमानाचे नाक वर उचलले जात असल्याचा ठाम भास होतो आणि ते खाली दाबण्याची प्रेरणा होते. म्हणूनच वैमानिकांना शरीराच्या जाणिवेपेक्षा समोरच्या उपकरणांवर विसंबण्याचे कसून शिक्षण दिले जाते.

दोन कानांचा हिशेब वेगवेगळा मांडणे

स्थिर डोक्यातही तोलाच्या मज्जातंतूंतून आवेग वाहत असतात. माकडांवरील नोंदींत त्यांचे प्रमाण प्रत्येक तंतूत सेकंदाला सुमारे ९० इतके आढळले आहे. डोके उजवीकडे वळले की उजव्या आडव्या नलिकेचे आवेग वाढतात आणि डाव्या नलिकेचे घटतात. मेंदू या दोहोंतील फरक वाचतो. हे एकदा लक्षात आले की, एरवी कोड्यात टाकणाऱ्या दोन गोष्टी उलगडतात. मज्जातंतूच्या दाहासारख्या कारणाने एकच बाजू अचानक मंदावली, तर शांत पडलेल्या माणसाच्या मेंदूलाही फरक दिसतो आणि तो त्याचा अर्थ ‘आपण फिरत आहोत’ असा लावतो. उलट जेंटामायसिनसारख्या औषधाने दोन्ही बाजूंच्या केशपेशी सारख्याच निकामी झाल्या, तर फरक उरतच नाही आणि गरगर होत नाही. ‘गरगरत नाही, म्हणजे कान चांगले आहेत’ असा निष्कर्ष इथे घातक ठरतो. अशा व्यक्तीला अंधारात तोल सांभाळता येत नाही आणि चालताना सगळे दृश्य हिंदकळते.

डोळ्यांना विसरणे

दृश्य का हिंदकळते, हे घरच्या घरी समजून घेता येते. छापील पान डोळ्यांसमोर धरून ते भराभर डावी-उजवीकडे हलवावे. अक्षरे पुसट होतात. आता पान स्थिर ठेवून डोके त्याच वेगाने हलवावे. मजकूर वाचता येतो. दुसऱ्या वेळी नलिकांचा संदेश अवघ्या तीन चेतापेशींच्या साखळीतून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत १० मिलिसेकंदांच्या आसपास पोहोचतो आणि डोळे डोक्याच्या उलट दिशेने तेवढेच फिरतात. निव्वळ दृष्टीच्या आधारे पाठलाग करायला सुमारे दहापट वेळ लागतो. नव्या क्रमांकाचा चष्मा लावल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते, कारण भिंगांमुळे डोळे किती फिरवायचे याचे प्रमाण बदललेले असते. लहान मेंदू ते नव्याने जुळवून घेतो. त्रास झाला की चष्मा काढून ठेवणे ही साधी पण नेहमीची चूक आहे, कारण त्यामुळे ही जुळवाजुळव लांबत जाते.

निसटलेले स्फटिक आणि चित्रफीत पाहून केलेले उपचार

कूस बदलताना, वरच्या फळीकडे पाहताना किंवा अंथरुणावर आडवे होताना काही सेकंदांची जोरदार गरगर येत असेल, तर बहुतेक वेळा युट्रिकलमधील स्फटिक सुटून एखाद्या नलिकेत, सहसा मागच्या नलिकेत, शिरलेले असतात. नलिकेतील पडदा आणि द्रव यांची घनता जवळजवळ सारखी असल्यामुळे निरोगी नलिकेला गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. जड कण आत आले की ते खाली घरंगळताना द्रव ओढतात आणि डोके थांबल्यावरही नलिका ‘फिरत आहे’ असे कळवते. (मद्य प्यायल्यावर आडवे होताच खोली फिरते, त्यामागेही घनतेचाच बिघाड असतो : मद्य द्रवाच्या आधी पडद्यात शिरते आणि पडदा हलका होतो.)

या विकाराला मानेच्या मणक्यांचे किंवा रक्तदाबाचे दुखणे समजून वर्षानुवर्षे उपचार घेणारे लोक कमी नाहीत. रक्तदाब उतरल्याने येणारी अंधारी उभे राहिल्यावर येते, अंथरुणात कूस बदलल्याने येत नाही. एवढ्या एका प्रश्नाने बराच घोळ मिटतो. मणक्यांची झीज वय वाढले की बहुतेकांच्या क्ष-किरण चित्रात दिसते, म्हणून ती दिसणे म्हणजे कारण सापडणे असे होत नाही.

निदानासाठी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली चाचणी आजही वापरली जाते आणि जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली कृती कणांना वळणावळणाने युट्रिकलमध्ये परत नेते. कृती सोपी दिसते, म्हणून चित्रफीत पाहून ती घरी केली जाते आणि ‘उपयोग झाला नाही’ अशी तक्रार येते. मुळात बाजूच चुकलेली असते : कोणता कान खाली असताना गरगर येते हे न तपासताच सुरुवात केलेली असते. निजताना मान नीट मागे झुकवलेली नसते, त्यामुळे नलिका हव्या त्या कोनात येत नाही. सर्वांत जास्त वेळा नडते ती घाई. कण द्रवातून स्वतःच्या वजनाने खाली सरकत असतात, त्यांना प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट किंवा गरगर थांबेपर्यंत वेळ दिला नाही, तर पुढच्या वळणावर ते होते तिथेच परततात. कण आडव्या नलिकेत असतील तर एप्लीची कृती लागूच पडत नाही, त्यासाठी अंग लोळवत नेण्याची वेगळी पद्धत आहे. म्हणून पहिली खेप जाणकाराच्या हाताखाली करावी आणि मान किंवा पाठीचा विकार असणाऱ्यांनी तर स्वतः प्रयोग करूच नयेत. यशस्वी कृतीनंतरही काही दिवस किंचित डळमळ राहते. तेवढ्यावरून अपयश ठरवू नये.

गोळ्या, विश्रांती आणि कानात घातलेले थंड थेंब

गरगर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या असह्य अवस्थेसाठी असतात. निसटलेल्या कणांवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही, आणि एक बाजू निकामी झाली असेल तर त्या दीर्घकाळ घेतल्याने नुकसान होते. कारण सस्तन प्राण्यांत केशपेशी जवळजवळ पुन्हा तयार होत नाहीत, बरे होणे म्हणजे मेंदूने नवा हिशेब शिकणे असते, आणि चूक जाणवल्याशिवाय मेंदू तो शिकत नाही. डोके हलवल्यावर थोडी गरगर होईल इतपत व्यायाम करणे हाच उपचार आहे. गरगर होते म्हणून मान ताठ धरून पडून राहणारा माणूस त्या शिक्षणाचा मार्गच बंद करतो.

कानात शीतकपाटातील थंड थेंब घातल्यावर किंवा कान थंड पाण्याने धुतल्यावर भोवंडून येते, तो आजार नसतो. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी रुग्णांच्या अशाच तक्रारींचा माग काढला; गार पाण्याने डोळे एका दिशेने आणि गरम पाण्याने उलट दिशेने झटके देतात, हे त्यांनी दाखवले आणि त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थेंबांची बाटली काही मिनिटे मुठीत धरून शरीराच्या तापमानाला आणली की हा प्रश्न उरत नाही.

कानावर ढकललेला मेंदूचा झटका

लहान मेंदूचा किंवा मस्तिष्कस्तंभाचा रक्तपुरवठा खंडित झाला, तरी अगदी कानाच्या विकारासारखीच गरगर सुरू होऊ शकते. बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे, गिळता न येणे, नवी तीव्र डोकेदुखी किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही सोबत असेल तर कानाचा विचार बाजूला ठेवावा. पहिल्या काही तासांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा झटका सुटू शकतो, त्यामुळे स्कॅन निर्दोष आला तरी निर्धास्त होऊ नये. डॉक्टर अशा रुग्णाचे डोके हलकेच पण झटकन वळवून त्याची नजर लक्ष्यावर टिकते का हे पाहतात, आणि सतत गरगर चालू असूनही ती नीट टिकली तर त्यांची काळजी वाढते, कारण कानापासून डोळ्यांपर्यंतची साखळी शाबूत आहे आणि बिघाड आणखी आत आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी एप्लीची कृती करून पाहण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.