पहाटेचं स्वप्न वहीत कसं उतरवावं

पहाटेची स्वप्नं खरी होतात, असं आपल्याकडे म्हणतात. खरी होवोत न होवोत, लक्षात मात्र तीच राहतात, आणि त्यामागे झोपेचं साधं वेळापत्रक आहे. झोप साधारण ९०-९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. बहुतेक फेऱ्यांच्या शेवटी बंद पापण्यांआड डोळे भराभर हलू लागतात. ही अवस्था १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली. तिला रेम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. पहिल्या फेरीत ती जेमतेम ५-१० मिनिटं टिकते, पहाटेच्या फेरीत अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. या अवस्थेत माणसाला उठवलं तर दहापैकी सुमारे आठ वेळा तो स्वप्न सांगतो. त्यामुळे ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यालाही बहुधा ती पडत असतात. एकतर त्याची पहाट गजराने कापली जाते, नाहीतर तो फार घाईने उठतो.

म्हणून वही आणण्याआधी वेळ दुरुस्त करा. रात्री साडेबाराला पडून साडेपाचला नळाच्या पाण्यासाठी उठणाऱ्याची जी झोप बुडते, तिच्यातच रेमचा मोठा वाटा असतो. उठण्याची वेळ हातात नसेल तर निजण्याची वेळ दर ३-४ दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम दीड तास आधी अंथरूण धरलंत तर नुसती कूस बदलत राहाल, कारण नेहमीच्या निजेच्या आधीचे दोन-तीन तास शरीराचं घड्याळ आपल्याला जागं ठेवत असतं. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराच्या सुमाराला अंगात शिल्लक असू शकतं, तेव्हा शेवटचा चहा चारच्या आत. दारूने झोप लवकर लागते खरी, पण रात्रीच्या पहिल्या भागातली रेम दबते आणि उत्तररात्री झोप तुटत राहते. उकाड्याचाही हिशोब धरा. रेममध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा मंदावते, म्हणून मे महिन्यात पहाटेची झोप आधी मोडते. पंखा, उघडी खिडकी आणि पातळ सुती चादर एवढ्याने बराच फरक पडतो.

आता वही. शंभर पानी, उशाशी हात पोचेल अशी. पेन नको, शिसपेन्सिल घ्या. आडवं पडून वही वर धरली की बॉलपेन दोन ओळींत बंद पडतं. दिवा मंद आणि पिवळसर असावा. मोबाइलवर नोंद करू नका. पडदा उजळला की आधी निरोप दिसतात आणि स्वप्न तिथेच संपतं. निजण्याआधी पानावर उद्याची तारीख आणि निजण्याची वेळ टाका, आणि ‘उठल्यावर स्वप्न आठवायचं आहे’ असं मनात दोन-तीनदा म्हणा. हे भाबडं वाटेल, पण सकाळी पहिला विचार कुठे जातो ते यावरून बदलतं.

खरी कसोटी जाग आल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांची. रेममध्ये मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन हे रसायन जवळपास बंद असतं, आणि आठवणी पक्क्या करायला ते लागतं. स्वप्न इतक्या लवकर विरण्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं. तेव्हा डोळे उघडू नका आणि कूसही बदलू नका. ‘आज काय काय करायचंय’ हा प्रश्न आला तर बाजूला सारा, त्याऐवजी ‘आत्ता काय चाललं होतं?’ असं विचारा. आधी भावना धरा: भीती, लाज, घाई, आनंद. मग शेवटचं दृश्य, आणि तिथून मागे मागे. धागा संपला की हळूच दुसऱ्या कुशीवर वळा, कधीकधी तिथे आणखी एक तुकडा हाती लागतो. त्यानंतरच वही उघडा.

सुरुवातीला वाक्यं लिहूच नका. पाच-सहा शब्द टाका: ‘शाळेचा जिना, ओले बूट, मामा, गाडी सुटली’. मग वर्तमानकाळात सविस्तर: ‘मी जिना चढतोय’. इथे एक चूक हमखास होते. दोन तुकड्यांमधला सांधा आठवत नाही, तेव्हा जागं मन तो जोडून देतं आणि गोष्ट नीटनेटकी होते. सांधा नसेल तिथे सरळ रेघ मारा. काहीच आठवलं नाही तरी पान कोरं सोडू नका. ‘काही नाही, पण छाती जड’ एवढंही चालेल. पहिल्या आठवड्यात अशीच पानं जास्त निघतील. रविवारी, गजराविना उठाल तेव्हा, बहुधा पहिली लांब नोंद मिळेल.

अर्थ लावण्याची घाई नको. तीन आठवडे झाल्यावर वही एकदम वाचा आणि प्रत्येक नोंदीपुढे गेल्या आठवड्यातलं काय त्यात आलंय ते लिहा. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण सामानापुरती खरी आहे. मांडणी मात्र वेगळीच असते, कारण तर्क सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग रेममध्ये मंद असतो आणि भावनांचा भाग जोरात. स्वप्नं का पडतात, यावर एकमत नाही. हॉब्सन आणि मॅकार्ली या संशोधकांनी १९७७ साली म्हटलं की मेंदूच्या बुंध्यातून उठणाऱ्या संकेतांना वरचा मेंदू गोष्टीचं रूप देतो. रेव्होन्सुओ या संशोधकांनी २००० साली स्वप्नांना धोक्याची तालीम ठरवलं. तीन आठवड्यांच्या वहीत दोन्हींच्या बाजूची पानं सापडतील. साप दिसला म्हणजे धनलाभ, असली कोष्टकं मात्र बाजूला ठेवा. सर्पमित्राच्या आणि शहरी कारकुनाच्या स्वप्नातला साप एकच कसा असेल?

तेच भयंकर स्वप्न वारंवार पडत असेल तर दिवसा, उजेडात, त्याचा शेवट बदलून लिहा. कसाही, पण भीती उतरेल असा. हा नवा भाग रोज १०-१५ मिनिटं डोळ्यांसमोर आणा. दुःस्वप्नांवरच्या उपचारांत ही पद्धत वापरली जाते. मागे मोठा आघात असेल तर मात्र समुपदेशकाच्या सोबतीनेच करा.

जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, तेव्हा रेममध्ये स्नायूंना लागलेलं कुलूप उघडायला उशीर झालेला असतो. पायाची बोटं हलवण्याचा प्रयत्न करा, श्वास सावकाश घ्या. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत, ते सुटतं. अपुरी झोप आणि उताणं निजणं यांमुळे हे वाढतं. याच्या उलट, पन्नाशीनंतर कोणी झोपेत लाथा-बुक्क्या मारू लागला, ओरडत पलंगावरून पडू लागला, तर ते कुलूप लागतच नसावं. हे मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, कारण काही जणांत पुढे पार्किन्सन दिसतो. तोवर पलंगाजवळचं टोकदार सामान हलवा आणि गादी जमिनीवर घाला. रक्तदाबाची काही औषधं आणि नैराश्यावरच्या गोळ्यांनीही स्वप्नं बदलतात. गोळी सुरू केल्याची तारीख वहीत असेल तर डॉक्टरांना ती दाखवता येते. गोळी मनाने बंद करू नका.

निद्रानाश असणाऱ्यांनी वहीत निजण्याची वेळ लिहिणं गाळावं. घड्याळाकडे पाहत राहिलं की झोप आणखी दूर जाते.