ड्रॉप हँडलबारसाठी टेप निवडताना

ड्रॉप हँडलबार म्हणजे रेसिंग सायकलचा, टोकांना खाली वळलेला बार; त्यावर पकडीसाठी टेप गुंडाळतात. रंग शेवटी बघा, आधी जाडी. लहान पंजा असेल किंवा बारवर घट्ट पकड हवी असेल, तर 2 ते 2.5 मिमी पुरते. खडबडीत रस्ता आणि लांब पल्ला असेल तर 3 मिमी किंवा त्याहून जाड.

‘कॉर्क’ म्हणून विकली जाणारी टेप बहुधा ईव्हीए फोमची असते, त्यात कॉर्कचा चुरा मिसळलेला. स्वस्त, मऊ, हाताला सुखद; पण जोरात ओढली की मधूनच तुटते आणि लवकर मळते. पॉलियुरेथेनची टेप जास्त टिकते, ओल्या हातालाही धरून राहते, पुसली की साफ. घाम खूप येत असेल किंवा पावसात सायकल चालवायची असेल, तर हीच घ्या. सिलिकॉनच्या बऱ्याच टेपना गोंद नसतो, म्हणून सोडून पुन्हा गुंडाळता येतात. सुती टेप दिसायला झकास, पण गादी जवळपास नाहीच.

गुंडाळताना खालच्या टोकापासून सुरुवात करा. अर्धी रुंदी बाहेर ठेवून ती प्लगने (बारच्या टोकाच्या बुचाने) आत दाबा. चालकाच्या बाजूने पाहता उजवीकडे घड्याळाच्या दिशेने, डावीकडे उलट. म्हणजे खालचा बार धरल्यावर हाताच्या दाबाने टेप सुटत नाही, आवळते. प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश चढवा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला टेप फाकते आणि बार उघडा पडतो. तिथे थोडी जास्त चढवा. ब्रेक लिव्हरपाशी टेपचा छोटा तुकडा आधीच लावून ठेवा.

जुनी टेप काढल्यावर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले, तर ते घामाच्या क्षाराने गंजणे आहे. खड्डे खोल असतील तर बारच बदला.