हाताने लिहिलेलं ठेवा, मशीनने बनवलेलं नको

पहिली नोकरी महापेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, घणसोलीला उतरून रिक्षा. तिसऱ्या आठवड्यात गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) माझे बदल इतरांच्या बदलांत मर्ज करायला, म्हणजे मिसळायला गेलो तर कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा ढीग. मी हात लावला होता दोनच फाइलींना. बाकीच्या सगळ्या ‘डिस्ट’ फोल्डरमधल्या, बिल्डने, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या पायरीने, तयार केलेल्या. मीही बिल्ड केला होता आणि शेजारच्यानेही.

आमच्या लीड मॅडमनी एकच विचारलं, “ही फाइल उडवली तर तुझं मशीन ती पुन्हा बनवेल ना? मग ती गिटमध्ये कशाला?” तेव्हापासून ‘डिस्ट’, ‘टार्गेट’, ‘नोड मॉड्यूल्स’ अशा मशीनने भरलेल्या फोल्डरांची नावं मी पहिल्या कमिटच्या (गिटमध्ये बदल नोंदवण्याच्या) आधीच गिटइग्नोर फाइलमध्ये, म्हणजे गिटने काय वगळायचं त्या यादीत, घालतो.

आधी म्हणण्याला कारण आहे. गिट ज्या फाइलीवर आधीपासून लक्ष ठेवून असतं, तिला गिटइग्नोर लागू होत नाही. ‘गिट आरएम’ कमांडला ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडून ती काढावी लागते. तुमच्या डिस्कवर ती राहते. पण सहकाऱ्यांनी पुल केलं, म्हणजे नवे बदल आपल्याकडे ओढले की त्यांच्याकडची मात्र पुसली जाते, म्हणून टीमला आधी सांगा. जुन्या कमिटमधूनही ती जात नाही. गिटहब (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची जागा) 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि अशी फाइल पुढच्या कमिटमध्ये काढली तरी पुश (तिकडे पाठवणं) अडतोच, कारण ती इतिहासात बसलेली असते.

मॅडमच्या प्रश्नाला एक अपवाद आहे, आणि नवीन मुलं तिथेच चुकतात: ‘पॅकेज-लॉक’, म्हणजे प्रोजेक्टमधल्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल. ती मशीनच बनवतं, पण उडवली तर पुन्हा तशीच बनेल याची खात्री नाही. मधल्या काळात लायब्ररींच्या आवृत्त्या पुढे गेलेल्या असतात. ती कमिट कराच. मग ‘एनपीएम सीआय’ या लायब्ररी बसवणाऱ्या कमांडने प्रत्येकाकडे त्याच आवृत्त्या येतात.

शेवटी रिकाम्या फोल्डरमध्ये नवीन क्लोन, म्हणजे गिटमधल्या प्रोजेक्टची ताजी प्रत, घ्या आणि तिथून बिल्ड करून बघा. माझा पहिल्यांदा फसला. ‘सोर्स’च्या आत हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टांचा ‘बिल्ड’ नावाचा फोल्डर होता आणि गिटइग्नोरमधल्या ‘बिल्ड’ने तोही गाळला होता. नावाआधी तिरकी रेघ नसेल तर ते नाव कुठल्याही पातळीवर लागू पडतं. ‘गिट चेक-इग्नोर’ला ‘व्ही’ पर्याय दिला तेव्हा नेमकी कुठली ओळ आडवी आली ते दिसलं. त्या नावाआधी एक तिरकी रेघ घातली, स्क्रिप्ट कमिट केल्या, पुन्हा क्लोन घेतला, आणि बिल्ड झाला.