ऑटोमॅटिक पिकअपखाली लाल डाग दिसला तर

आधी गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा टाका. गिअरबॉक्सचं ऑइल बहुधा लालसर असतं, जुनं झालं की तपकिरी. एसीचं पाणी असेल तर पुठ्ठा नुसता ओला होतो.

थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गिअरबॉक्स डीग्रीझरने धुवा, सुकवा, संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारा. पावडरीत लाल ओघळ उठून दिसतो. खाली शिरताना गाडी जॅक-स्टँडवरच (गाडी पेलणारे पक्के टेकू) हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

ओघळ चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या ऑइलच्या पात्राच्या, कडेला असेल तर दोष गॅस्केटचा, म्हणजे त्या जोडातल्या सील-पट्टीचा. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपांवर असेल तर काम बहुतेक स्वस्तात सुटतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून लाल ऑइल येत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) सीलवर संशय घ्या. तिथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेंबरचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, गॅस्केट चेपून गळती वाढते. आणि ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळलाय: गाडी टो करूनच न्या.