लहान मुलांना डीपफेक कसे समजावून सांगावे

सहा ते दहा वर्षांच्या मुलाला डीपफेकविषयी सांगताना सुरुवात भीती घालून करू नये. संगणकाला एखाद्या माणसाची छायाचित्रे आणि आवाज पुरवला की तो त्या चेहऱ्याच्या हालचाली व बोलण्याची ढब शिकतो आणि त्या माणसाने कधीच न केलेली गोष्ट त्याने केल्यासारखी दाखवू शकतो, एवढे मुलाला पुरते. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करत असल्याचा व्हिडिओ पसरला होता आणि तो बनावट असल्याचे खुद्द सचिनलाच जाहीर करावे लागले, हे उदाहरण मुलांना पटकन कळते. प्रात्यक्षिक दाखवायचे असल्यास बाहुलीसारख्या एखाद्या खेळण्याचा फोटो वापरावा. मुलाचा चेहरा कोणत्याही ॲपला देऊ नये.

बनावट व्हिडिओ ओळखण्यासाठी पापण्या लवतात का, बोटे पाच आहेत का, अशा खुणांवर मुलाला विसंबू देऊ नये, कारण तंत्र सुधारते तशा त्या खुणा नाहीशा होतात. त्याऐवजी प्रश्न विचारण्याची सवय लावावी. समजा, सीताबर्डीच्या बाजारात वाघ फिरत असल्याचा व्हिडिओ आला. पेंच आणि ताडोबा जवळ असल्याने नागपूरच्या मुलाला तो सहज खरा वाटेल. अशा वेळी हे कोणी टिपले, वनविभागाने काही सांगितले का, वर्तमानपत्रात बातमी आहे का, हे त्याच्यासोबत बसून शोधावे.

आवाजाचा धोका मला अधिक गंभीर वाटतो. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरूनही आवाजाची नक्कल करता येते. म्हणून घरात एक गुप्त शब्द ठरवावा. ‘आत्या बोलते आहे, फाटकाबाहेर ये,’ असा फोन आला तरी तो शब्द विचारल्याशिवाय मुलाने जाऊ नये आणि शब्द विचारल्याबद्दल घरातल्या कोणीही रागावू नये.

कोणी आपला खोटा, घाणेरडा फोटो बनवला तर दोष बनवणाऱ्याचा असतो, आपला नाही, हे मुलाला वारंवार आणि शांतपणे सांगावे. वर्गमित्राचा तसा फोटो गंमत म्हणूनही बनवायचा नाही, हेही त्याच वेळी सांगावे. घरचे रागावतील या भीतीने मूल गप्प राहिले, तर धमकावणाऱ्याचे फावते. असा प्रकार घडल्यास चित्र कोणालाही पुढे पाठवू नये. दुवा, खात्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मुलाला आधार हवा असल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा.